तुमचाच, नंदलाल

"शेठ, तुमाले माह्या बायकोची आठवण काहून येऊन राहिली?"

मारोतरावांनी हे रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. पितळेचा भाव चढला का, हे लोक ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं आणि काउंटरवर एक मोबाईल ठेवला. मोबाईल बाईमाणसाचा होता. मागच्या कव्हरवर मोर होता. नंदलालनं हातातलं फडकं परातीत टाकलं, चष्मा लावला, वाकून पाहिलं, तर आत तो स्वतःच होता. गुलाबी फेटा, जोडलेले हात, आणि तोंडात असतील नसतील तेवढे सगळे दात. मुलाच्या, नीलेशच्या, लग्नात वरातीपुढे काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'प्रिय रत्नाबाई ताई, किती दिवस झाले, तुमचं येणं झालं नाही. सगळं सुनं सुनं वाटतं. तुमची फार आठवण येते. एकदा तरी या. तुमचाच, नंदलाल.' शेवटी एक पणती आणि एक लालभडक बदाम. दुकानाचं नाव कुठंच नव्हतं. भांड्याचं नाव नव्हतं. भंडाऱ्याच्या बाजारात तीन पिढ्यांचं पितळेचं दुकान असलेला माणूस, आणि त्याच्या निरोपात वाटीसुद्धा नव्हती.

"गोलूनं वाचला," मारोतराव म्हणाले. गोलू म्हणजे त्यांचा मोठा मुलगा. "मोठ्यानं वाचला. आमी सगळे जेवाले बसलो होतो."

नंदलालच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, आपण काहीतरी केलंय. काय केलंय ते आठवत नव्हतं, पण फोटो आपला, नाव आपलं, दात आपले, म्हणजे केलं असणारच. मग त्याला नीलेशचा धंदा वाढवण्याचा नागपूरचा दोन दिवसांचा कोर्स आठवला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून आलेला नीलेश आठवला, आणि तो जवळजवळ ओरडलाच, "मारोतराव, हे म्या नाई पाठवलं जी! हे पोरानं कॉम्प्युटरवरून पाठवलं. सगळ्याइलेच गेलं असन. गिऱ्हाईक टिकवाले पाठवते म्हणे. मले तर तुमच्या घरच्या बाई आठवतसुद्धा नाई!"

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, सुटलो. पण मारोतरावांचा चेहरा आत्ता कुठं खरा पडला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर ठेवला.

"आठवत नाई?"

"म्हंजे..."

"माह्या बापापासून आमचं घर तुमच्याकडंच येते. दुसऱ्याच्या दुकानाची पायरी आमी चढलो नाई. लग्न झाल्यापासून माही बायको तुमच्याकडूनच भांडे आणते. आन तुमी म्हणता, आठवत नाई. सारा भंडारा म्हणते, नंदलालशेठ गिऱ्हाईक इसरत नाई. एक आमचंच इसरले?"

"नाई नाई, आठवते ना! काहून नाई आठवत?"

"मंग काहून आठवते?" मारोतराव म्हणाले.

चहा आला होता. मारोतरावांनी कपाला हात लावला नाही. मोबाईल उचलून रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला. "पोरीचं, गुड्डीचं लगन हाये यंदा," ते म्हणाले, "तिले भांडे घ्याचे हायेत. आता तुमीच इचार करा, कुठून घ्याचे ते." पायरी उतरल्यावर ते थांबले आणि मागे न वळता, रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तीस वर्सं झाले लग्नाले. मले नाई कधी असं म्हणता आलं." आणि गेले.

समोरच्या दुकानातून धर्मेंद्र पाहत होता. धर्मेंद्र म्हणजे नंदलालचा समोरासमोरचा स्पर्धक. तोही पितळच विकायचा, पण तोंडात खर्रा आणि डोळे मोबाईलमध्ये. नंदलालच्या मते तो दुकानदार नव्हताच, दुकानात ठेवलेला माणूस होता. गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आलं तरी त्याला ओळखता यायचं नाही. कधी काळी त्यानं स्वतःच्या मेहुण्याला 'कोणत्या गावचे तुमी?' असं विचारलं होतं, ही गोष्ट नंदलाल आल्यागेल्याला सांगायचा, आणि सांगताना त्याला जे सुख व्हायचं त्याला तोड नव्हती. कारण नंदलाल विसरत नसे. हा त्याचा गुण होता, आणि खरं तर हे एवढंच त्याच्याजवळ होतं. त्याचे वडील रोज रात्री जेवताना विचारायचे, आज कोण आलं, कुठलं, काय नेलं? चुकलं तर ताटात दही नाही. लहानपणी नंदलालला दही फार आवडायचं, म्हणून तो पाठ करायचा, आणि पुढं दही सुटलं, पण पाठ करणं सुटलं नाही. वीस वर्षांनी आलेल्या माणसाला तो म्हणायचा, तुमी त्या साली भात शिजवाचा गंज नेला होता, बुडाले जाड होता, कसा हाये आता? माणूस चाट पडायचा, मोठ्यानं हसायचा, बरोबरच्यांकडे पाहायचा. नंदलाल मग आणखी सांगायचा. किती घासाघीस केली होती, मोडीत कोणतं जुनं भांडं दिलं होतं, लोट्याला कुठं पोचा होता. माणूस हसतच राहायचा. हे हसू नंदलालनं आयुष्यभर कमाईत धरलं होतं.

आणि आता रत्नाबाई. त्यानं डोळे मिटून पाहिलं. मारोतरावांचं आसगाव म्हटल्याबरोबर सगळं गाव भांड्याकुंड्यांसह डोळ्यांपुढं आलं. मारोतरावांचे वडील, गोमाजी, ते तर उभेच राहिले: दरवाजात मावत नसलेला उंच माणूस, डोक्यावर घंगाळ पालथं घालून ऊन टाळत बसस्टँडकडे चाललेला. पण रत्नाबाई म्हटलं की काही नाही. साड्या यायच्या, बांगड्या यायच्या, पाणी भरायच्या पितळी गुंडाच्या गळ्याभोवती फिरणारा एक हात यायचा, त्या हाताला नाव नव्हतं. त्यानं दुसरी बाई आठवून पाहिली, पवनीची, दिवाळीत आलेली. तिची परात लख्ख आठवली, काठाला वेलबुट्टी असलेली. परातीच्या वर पाहायला गेला तर तिथं कोणी नव्हतं. तिसरी घेतली. तिची समई आठवली. समईच्या मागे अंधार. जिना उतरताना शेवटची पायरी संपली आहे असं वाटावं आणि आणखी एक असावी, तसं झालं. वय झालं का आपलं? की पहिल्यापासूनच असं होतं आणि आज कोणी विचारलं म्हणून कळलं? त्यानं घाईघाईनं आपल्या आईचा चेहरा आठवून पाहिला. तो आला. पण तिच्या हातात पितळेचा कोपर होता, पसरट, परातीसारखा, आणि कोपर जास्त स्पष्ट होता.

नीलेश अकराच्या सुमाराला आला, तेव्हा फार खुशीत होता. "बाबा, रिस्पॉन्स पाहा!" म्हणत त्यानं मोबाईल समोर धरला. निरोप पवनीपासून तुमसरपर्यंत गेला होता. दुकानात, प्रदर्शनात, दिवाळीच्या सोडतीत ज्यांनी ज्यांनी नंबर दिला त्या सगळ्यांना, आणि सगळ्यांना 'ताई' म्हणून. तुमसरच्या राईस मिलमधल्या चिंधूलाही 'प्रिय चिंधू ताई' गेला होता आणि त्यानं उलट विचारलं होतं की हे कोणत्या ग्रुपमधून चालू आहे. निवृत्त मुख्याध्यापिका शकुंतलाबाईंनी लिहिलं होतं, 'मलाही येते. गुडघ्यांमुळे येणं होत नाही. तब्येतीला जपा.' एकीनं नुसतंच विचारलं होतं, 'कोण नंदलाल?' आणि त्याखाली तिच्याच मोबाईलवरून दुसऱ्या कोणीतरी, 'हो, कोण नंदलाल?'

"दुकानाचं नाव कुठी हाये याच्यात?" नंदलाल म्हणाला.

"मुद्दाम नाई टाकलं. नाव टाकलं की लोकाइले जाहिरात वाटते, उघडत नाई. पर्सनल टच पायजे, बाबा. नवीन गिऱ्हाईक आणणं महाग पडते, जुनं टिकवणं सस्तं पडते. सहा महिने जो आला नाई, त्याले आठवण द्याची. साधी गोष्ट हाये."

"सहा महिने?" नंदलाल म्हणाला. "अरे, आपण पितळ विकतो. गोमाजीनं नेलेलं घंगाळ अजून त्याइच्या घरी असन. सहा महिन्यात परत येईन ते काय घेऊन येईन? तक्रार?"

हा विचार त्याच्या मनात याआधीही येऊन गेला होता, पण तोंडातून आज पहिल्यांदा बाहेर पडला आणि त्यालाच चमत्कारिक वाटला. धंदाच असा, की माल चांगला दिला तर माणूस परत येत नाही. लेकीच्या लग्नात एकदा, सून आली की एकदा. एका आयुष्यात दोन भेटी, आणि त्या दोन भेटींच्या मधली वीसबावीस वर्षं तो त्या माणसाला डोक्यात घेऊन बसणार, जणू फलाटावर कोणाचं तरी सामान सांभाळत बसला आहे. आणि ज्याचं सामान, त्याला पत्ताच नाही. आता स्टील आलं, फायबर आलं, लग्नात पितळेचा एखादाच नग नावाला द्यायचा. तरी नंदलाल सांभाळतच बसला होता. नीलेशनं विचारलं, "मंग तुमच्या काळात गिऱ्हाईक कसं टिकवत होते?" तो म्हणाला, "आठवून," आणि परातीतलं फडकं पुन्हा उचललं.

दुपारी घरी जेवायला गेला, तर बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. सून रंजिता स्वयंपाकघराच्या दारात ओठ दाबून उभी होती. बदामाचं चित्र तिनंच सुचवलं होतं, हे त्याला नंतर कळलं. शोभानं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि समोर बसली. छत्तीस वर्षांच्या संसारात शोभा समोर बसली की नंदलालचा घास मोठा व्हायचा.

"शकुंतलाबाईचा फोन होता," ती म्हणाली. "तुमच्या तब्येतीची काळजी करत होत्या."

"ते कॉम्प्युटरनं..."

"माहीत हाये मले. नीलेशनं सांगतलं. सगळ्याइले गेला म्हणे. चिंधूले गेला." तिनं भाजीचं भांडं पुढं सरकवलं. "मले काहून नाई आला?"

"तुले कायले येईन? तू तर घरातच हायेस."

"घरात हाये म्हणून आठवण नाई येत?"

'घरात असलेल्या माणसाची आठवण कशी येईल' हे बरोबर होतं, आणि तरी बरोबर नव्हतं, एवढं त्याला कळलं. तो वाकून जेवत राहिला. त्याला मारोतरावांचे शब्द आठवले, मले नाई कधी असं म्हणता आलं. म्हणजे तो माणूस भांडायला आला नव्हता. आपल्या बायकोला जे बोलावं ते कोणा फेटेवाल्यानं फुकटात बोलून टाकलं, ते पाहायला आला होता. नंदलालला त्याची फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली बारीकशी भीतीही होती. गोमाजींचं घर तुटलं, तर वडील वर बसून दही बंद करतील. तो ताटावरून उठला आणि म्हणाला, "मी आसगावले जाऊन येतो."

"कोणाले भेटाले?" शोभानं विचारलं.

"मारोतरावले," तो म्हणाला. रंजिता आत पळाली.

पवनीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. धान निघालं होतं. मोकळ्या झालेल्या बांध्यांतून कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे उभे होते, गाडीबरोबर फिरत होते. नंदलालनं मनातल्या मनात दोन भाषणं तयार केली. पहिल्यात रत्नाबाई आठवत होत्या, आदरानं, लांबून, गिऱ्हाईक म्हणून. दुसऱ्यात आठवत नव्हत्या, वयामुळे. पहिल्यात मारोतराव विचारायचे, काय आठवते? दुसऱ्यात विचारायचे, मंग आमचंच घर काहून इसरले? अड्याळ मागे पडेपर्यंत त्यानं भाषणं कितीदा तरी फिरवली, आणि दर वेळी त्यातले मारोतराव जास्त हुशार होत गेले. मग त्यानं सरळ बाई आठवण्याचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुढच्या सीटवर एक बाई होती, अंबाड्यात पिवळं फूल. आत्ता उतरल्यावर ही आपल्याला आठवेल का, म्हणून तो तिच्याकडे टक लावून पाहू लागला. तिनं वळून पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, तीन खणांचा, झाकणाची कडी सैल. तो त्याला आजही आठवतो.

पवनीहून शेअर ऑटोनं तो आसगावला पोचला, तेव्हा ऊन उतरत होतं. मारोतरावांचं घर विचारत गेला. अंगणात एक बाई सुपानं धान पाखडत होती. पन्नाशीतली, बुटकी, पदर कमरेला खोचलेला. नंदलालनं चपला बाहेर काढल्या, घसा साफ केला आणि विचारलं, "रत्नाबाई हायेत का घरी?"

बाईचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग डोक्याकडे. तिथं फेटा नव्हता, तरी ओळख पटली असावी. "कोण पायजे?" तिनं विचारलं.

"रत्नाबाई. मारोतरावच्या घरच्या. मी भंडाऱ्याहून आलो, नंदलाल..."

"तुमाले त्याइची आठवण येते म्हणे?"

"येते ना," नंदलाल पहिल्या भाषणात शिरला. "गिऱ्हाईक म्हणून. जुनं घर हाये. त्या आल्या की मी लगेच ओळखतो..."

बाईनं सूप खाली ठेवलं. ठेवलं नसतं तर धान सांडलं असतं, कारण ती हसत होती. पदर तोंडाशी धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि हसू जरा ओसरलं की नंदलालकडे पाहायची आणि पुन्हा हसायची. नंदलाल उन्हात उभा राहून कानापर्यंत तापत गेला. कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याला जमिनीवरचा एकेक दाणा दिसला.

"तुमीच का जी?" तो म्हणाला.

"मीच," रत्नाबाई म्हणाल्या. "बसा. पाणी आणतो." इकडं बायाही 'आणतो' म्हणतात. पाणी पितळेच्या लोट्यातून आलं. नंदलालनं लोटा हातात घेतला, तळ पाहिला आणि तो चमकला. लोटा त्याच्या दुकानातला नव्हता. काठाची वळी धर्मेंद्रच्या मालाची होती.

रत्नाबाईंनी ते पाहिलं. दाराकडे एकदा नजर टाकून त्या हळूच म्हणाल्या, "त्याइले माहीत नाई. त्याइले सांगून राहतो का नंदलालशेठकडून आणलं, आन आणतो समोरून. आमच्या घरात तुमचं नाव देवासारखं हाये, दुसरं म्हटलं का त्याइले बापाचा अपमान वाटते. तुमी सांगान त्याइले?"

"नाई," नंदलाल म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण काहून? माल पातळ असते त्याचा. तो तर गिऱ्हाईकाकडं पाहतसुद्धा नाई."

"म्हणूनच," रत्नाबाई म्हणाल्या. सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "मी नवी नवरी होतो. सासू, जाऊ आन मी, तिघी तुमच्या दुकानात आलो. सासूनं माह्यासाठी अडीच किलोचा गुंड काढला. तुमी मोठ्यानं म्हटलं, भर दुकानात, माय, थोरल्या सुनेले तर साडेतीनचा नेला होता तुमी, लहानीले अडीचचाच? लोकं हसले. तुमीबी हसले. सासूले असं झालं का जमीन फाटावी. घरी येऊन तो राग कोणावर निघाला? तवापासून त्या गुंडाचं नाव अडीचचा. भांडण झालं का जाऊ म्हणते, जा वो, तुह्या अडीचच्यात पाणी भर. सासू गेली, तरी नाव नाई गेलं."

नंदलालच्या डोळ्यांपुढं तो गुंड लख्ख उभा राहिला. "त्याच्या गळ्याले दोन कडे होते," तो पुटपुटला. "बूड थोडंसं कललं होतं. म्हणून अडीचले बसला, नाईतर पावणेतीन..."

"हो, तोच. आन मी?"

नंदलालनं पाहिलं. गुंडाच्या पलीकडे पाहिलं. नवी नवरी असेल, हिरवा चुडा असेल, खाली घातलेली मान असेल. असेल, असेल, दिसत काही नव्हतं. खोटं बोलण्यासारखी ही एकच वेळ होती आणि नेमकं आत्ताच त्याला खोटं सुचेना. "नाई," तो म्हणाला. "सकाळपासून आठवून राहिलो. तुमी काई आठवल्या नाई, बाई."

रत्नाबाई खूष झाल्या. नंदलालला आधी वाटलं आपल्याला भास होतोय, पण त्या खरोखरच खूष झाल्या होत्या. चेहरा एकदम मोकळा झाला होता. "तुमाले सांगू?" त्या म्हणाल्या. "समोरचा तो, त्याले काहीच याद नाई राहत. दर वेळी विचारते, ताई, पयल्यांदाच आल्या का? मी म्हणतो, हो. इतकं बरं वाटते! किती घेतलं, किती घासलं, काय मोडीत टाकलं, काही नाई. दर वेळी मी नवीनच. घरात सगळ्याइले माहं सगळं याद हाये. गावाले याद हाये. एका जागी तरी नको कोणाले काई याद."

नंदलाल ओट्यावर बसून होता आणि त्याच्या डोक्यात भंडाऱ्याच्या दुकानात आजवर हसलेली सगळी माणसं एकामागून एक हसत होती. ते हसू आता त्याला नीट ऐकू येत होतं. चारचौघांत पदर सरकला की माणूस जसं हसतो, तसं ते होतं. त्यांपैकी किती परत आली होती? तो मोजायला लागला आणि घाबरून थांबला. आणि त्याच वेळी आत कुठंतरी फार हलकंही वाटत होतं, डोक्यावरून कोणीतरी घंगाळ उचलून घेतल्यासारखं.

तेवढ्यात मारोतराव आले. अंगावर तणसाचे कण, हातात विळा. ओट्यावर नंदलालला पाहून त्यांनी विळा छपरात खोचला, हात धुतले, दुपट्ट्यानं पुसले, समोर येऊन बसले. रत्नाबाई त्यांच्या मागे खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"आठवली का आता?" मारोतराव म्हणाले.

दोन्ही भाषणं पवनीच्या बसमध्येच राहिली होती. "मले तुमचे वडील आठवते," नंदलाल म्हणाला. "गोमाजी. आमच्याकडून घंगाळ नेलं आन डोक्यावर पालथं घालून गेले. बस चुकली तर तसेच परत आले, घंगाळ डोक्यावरच. माहे वडील म्हणाले, काढा आता, सावली आली. तर म्हणाले, राहू द्या, आवाज चांगला येते आतमंदी."

मारोतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तसाच होता बुडा," ते म्हणाले. मग खांबाकडे मान वळवली. "आन हे?"

"याइले तर म्या आज पयल्यांदा पायलं," नंदलाल म्हणाला.

खांबापाशी रत्नाबाई खोकल्या. मारोतरावांच्या भुवया वर चढल्या. नंदलालच्या पाठीतून घाम खाली गेला आणि त्याच घामाबरोबर पुढचं वाक्य आलं, कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही. "म्हंजे, नजर वर करून. आजवर कोण्या बाईकडं नजर वर करून पायलं नाई, मारोतराव. भांडंच पायलं. तुमच्या घरी काय काय हाये ते इचारा, वजनासगट सांगतो. पण कोणाच्या हातात होतं, ते नाई माहीत."

हे त्यानं सुटका म्हणून सांगितलं, पण सांगता सांगताच त्याला कळलं, की हे तसंच्या तसं खरं आहे. आणि खरं असल्यामुळे त्याचा आवाज मध्येच बारीक झाला. मारोतरावांनी मांडीवर थाप मारली. "हे बराबर सांगतलं! हे गोमाजीच्या दुकानदाराले शोभते!" ते मागे वळले. "आयकलं का वो? नजर वर केली नाई माणसानं! चहा ठेव." रत्नाबाई चहा ठेवायला वळल्या, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. मारोतराव नंदलालकडे सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पण ते लिवलं होतं चांगलं. सुनं सुनं वाटते, गिटते. पोराले इचारून सांगसान, माह्या मोबाईलवरून तिच्या मोबाईलवर जाते का ते. नाव तेवढं बदलाचं."

पंधरा दिवसांनी त्या आल्या. रत्नाबाई, गुड्डी, आणि थोरली जाऊ चंदा, जिच्या पावलातच मोठेपण होतं. चंदाबाई आधी चढल्या, गादीवर बसल्या, आणि ओळखून घेण्यासाठी चेहरा पुढं करून म्हणाल्या, "काय शेठ, ओळखलं का?" नंदलालच्या जिभेवर सगळं तयार होतं. साडेतीन किलो, डबल बूड, सोबत दोन गंज, मोडीत फुटकी कढई आणि तिच्यावरून घातलेला वाद. जीभ दातांना टेकत होती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, नीलेश होता. नंदलालनं जीभ आत ओढली. ती आत जाईना. आयुष्यभराची सवय होती. तरी तो म्हणाला, "नाई जी, ताई. माफ करा. कोणत्या गावच्या तुमी?"

चंदाबाईंचा चेहरा उतरला. "काही याद नाई?" त्यांनी विचारलं. "आसगाव... साडेतीनचा गुंड..." नंदलालनं मान हलवली. त्या दुकानभर पाहू लागल्या, जसं काही कोणी साक्षीला मिळेल. रत्नाबाई मात्र सरळ फळीपाशी गेल्या, सगळ्यांत मोठा गुंड खाली काढायला लावला, बोटांनी वाजवला, गुड्डीला म्हणाल्या, "उचलून पाय." मग इतकी घासाघीस केली, की धर्मेंद्रनंसुद्धा मोबाईलमधून मान वर काढली. नंदलालनं भाव केला, हरला, गुंड बांधून दिला. त्यानं या वेळी वर पाहिलं. रत्नाबाईंच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता आणि हसू आवरताना तो वर चढायचा. एवढंच त्यानं पाहिलं आणि एवढंही फार वाटून घाईनं सुतळीकडे वळला.

त्या गेल्यावर नीलेश जवळ आला. "बाबा, कोण होत्या? आसगावच्या म्हंजे मारोतरावच्या घरच्याच ना? तुमी तर त्या दिवशी जाऊन आले त्याइच्या घरी!"

"असतीन," नंदलाल म्हणाला.

नीलेशनं वडिलांकडे नीट पाहिलं आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. रंजितानं मोबाईलवर पाहून नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी शोभानं नंदलालसमोर एक वाटी ठेवली, त्यात रात्रभर भिजवलेले, साल काढलेले बदाम. "खा," ती म्हणाली. "डोक्याले चांगले असते." खरं सांगावं असं त्याला वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे कोणाचं तरी अडीच आणि साडेतीन सांगणं आलं. त्यानं मुकाट्यानं एक बदाम तोंडात टाकला. शोभा समोर बसली, थोडी वाकली, आणि थट्टा करावी तसं, पण पूर्ण थट्टा नव्हे असं विचारलं, "माहं तरी नाव आठवते ना?"

नंदलालनं नजर वर केली. शोभाच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा बाजूला, एक तीळ होता. हा कधीपासून होता? केसांची एक बट पांढरी होऊन कानामागे गेली होती. डोळ्यांचा रंग काळा नव्हता, गुळासारखा होता, आणि खिडकीतून येणारा उजेड त्यात जात होता. तो पाहत राहिला. उत्तर द्यायचं आहे हे विसरून पाहत राहिला, आणि इतका वेळ पाहत राहिला, की शोभाचं हसू हळूहळू गेलं, आणि ती घाबरून आणखी बदाम आणायला आत पळाली.